भित्तिचित्रावर पालिकेचा बोळा फिरला, आता काय?

प्रश्न असा आहे. एका सोसायटीच्या कुंपणभिंतीवर, रस्त्याकडच्या बाजूला, चार तरुण चित्रकारांनी भित्तिचित्र काढलं. सोसायटीचं पत्र होतं, थोडेफार पैसे मिळाले, पेपरात फोटोही आला. पुढे स्वच्छता सर्वेक्षणाच्या तयारीत पालिकेच्या ठेकेदाराची माणसं आली आणि एका दुपारीत अख्ख्या भिंतीला क्रीम रंग मारून, खाली गेरूचा पट्टा ओढून निघून गेली. हे नुकसान नाही का? कायद्यानं काही मिळेल का? आणि पुन्हा काढलं तर पुन्हा पुसणार नाहीत याची हमी काय?

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. तुमचं चित्र कुणाला आवडलं नाही म्हणून पुसलं, असं बहुधा झालेलं नाही. ते कुणी पाहिलंच नाही. माझा निम्मा जन्म परांचीवर आणि निम्मा वॉर्ड ऑफिसच्या बाकड्यावर गेला, त्यामुळे हे सगळं कसं चालतं ते सांगू शकतो. सर्वेक्षण जवळ आलं की वॉर्डातला कनिष्ठ अभियंता रंगवायच्या भिंतींची यादी करतो. यादीत 'अमुक चौक ते तमुक शाळा, डावी बाजू, दर्शनी भिंत' एवढंच असतं. पुढे लांबी, उंची, चौरस मीटर. ठेकेदाराला पैसे चौरस मीटरवर मिळतात आणि मोजमाप पुस्तकात तेवढे मीटर चढले तरच बिल निघतं. मुकादमाच्या खिशात त्या यादीची झेरॉक्स असते. तुमच्या भिंतीपाशी तो क्षणभर घुटमळलाही असेल. पण चित्र सोडायचं म्हणजे तेवढे मीटर बिलातून जाणार, शिवाय मधलीच भिंत का ठेवली म्हणून साहेब झापणार. 'चित्र आहे, सोडा' असा रकाना त्या यादीत नसतो. म्हणून त्यानं रोलर भिजवला.

माझं सगळं उत्तर या यादीभोवतीच फिरणार आहे. कायदा, न्यायालय, कलेचं स्वातंत्र्य हे सगळं खरं, पण आपल्या शहरांत चित्रं मरतात ती यादीमुळे. तुमची भिंत त्या यादीतून बाहेर काढणं हे खरं काम.

बाहेरच्या देशांतही हेच घडलंय. ब्राझीलमधल्या साओ पाउलोनं २००६ साली 'स्वच्छ शहर' कायदा केला आणि २००७ पासून रस्त्यांवरचे जाहिरात-फलक उतरवायला लावले. रोख जाहिरातींवर होता, पण भिंतींना करडा रंग फासणारी ठेकेदारांची पथकंही त्याच जोमानं फिरायला लागली. २००८ मध्ये अशाच एका पथकानं ओस जेमेओस हे जुळे भाऊ आणि त्यांच्या मित्रांनी काढलेल्या सुमारे ६८० मीटर लांबीच्या भित्तिचित्राचा बराचसा भाग करडा करून टाकला. त्याच वर्षी लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयानं आपली नदीकडची दर्शनी भिंत या भावांसह काही चित्रकारांच्या हवाली केली होती. घरच्या मुकादमाला त्याचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं. ओरड झाली, पालिकेनं चूक कबूल केली आणि त्याच भिंतीवर पुन्हा चित्र काढून घेतलं. मेलबर्नमध्ये २०१० साली बँक्सी या जगप्रसिद्ध, नाव लपवून काम करणाऱ्या भित्तिचित्रकाराचा पॅराशूटवाला उंदीर असाच गेला. पालिकेच्या सफाई पथकाला गल्ली साफ करायला सांगितलं होतं, त्यांनी ती केली.

साओ पाउलोचा पुढचा अध्याय मात्र वेगळ्या जातीचा आहे. २०१७ च्या जानेवारीत नवे महापौर दोरिया 'सुंदर शहर' मोहीम घेऊन आले आणि स्वतः सफाई कामगाराचा गणवेश चढवून रस्त्यावर उतरले. '२३ मे' नावाच्या हमरस्त्यावर आधीच्या महापौरांच्या काळात पालिकेच्याच संमतीनं काढलेली चित्रं होती. मोजकी ठेवून बाकीची करडी झाली. तिथे यादीची चूक नव्हती, यादीच तशी केली होती. हा फरक लक्षात ठेवा, कारण दोन्हींवरचं औषध एक नाही. पहिल्या प्रकारात कागद वाचवतो. दुसऱ्या प्रकारात कागदाचा काही उपयोग नाही, तिथे लोक आणि वर्तमानपत्रंच उभी राहिली तर राहतात. तुमचं प्रकरण मला तरी पहिल्या प्रकारातलं दिसतं.

आता कायदा. महाराष्ट्रात १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा आला तो पोस्टरं, पक्षांच्या घोषणा, क्लासच्या जाहिराती आणि 'मूळव्याधीवर खात्रीशीर इलाज' यांच्या बंदोबस्ताला. त्यात कला आणि विद्रूपीकरण यांच्यात रेघ ओढलेली नाही. सार्वजनिक दृष्टीस पडणारी जागा म्हटलं की त्यात खासगी भिंतही आली. म्हणजे सोसायटीचं पत्र असल्यानं तुम्ही सोसायटीच्या दृष्टीनं चोख आहात. पालिकेच्या दृष्टीनं तुमच्या भिंतीवर 'काहीतरी लिहिलंय', आणि त्यासाठी तिच्याकडे काही कागद नाही.

पालिकेची बाजूही ऐकून घ्या. बेकायदा फलक आणि पोस्टरांबद्दल साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०१७ मध्ये सविस्तर निकाल दिला आणि राज्यभरच्या पालिकांच्या मागे कारवाईचा लकडा लागला. भिंत घाण दिसली तर वॉर्ड अधिकाऱ्याला जाब द्यावा लागतो, चित्र पुसलं तर कुणी विचारत नाही. अशा वेळी तो काय करेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

तुमचा दुसरा प्रश्न हक्काचा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मध्ये चित्रकाराला एक विशेष हक्क आहे. कॉपीराइट विकला तरी तो हक्क जात नाही. कलाकृतीची मोडतोड, विटंबना किंवा तिच्यात फेरफार करून चित्रकाराच्या नावलौकिकाला बाध आणला, तर तो रोखता येतो आणि भरपाई मागता येते. यावरचा आपल्याकडचा मोठा निकाल अमरनाथ सेहगल यांचा. दिल्लीच्या विज्ञान भवनात त्यांनी केलेलं कांस्याचं प्रचंड भित्तिशिल्प होतं, १९६२ साली पूर्ण झालेलं. १९७९ मध्ये नूतनीकरणात ते सरकारनं उतरवलं आणि तुकडे गोदामात टाकले. सेहगल लढले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयानं उरलेले अवशेष त्यांना परत द्यायला आणि वर पाच लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितलं. नष्ट करणं हा मोडतोडीचाच टोकाचा प्रकार आहे, असं त्या निकालात म्हटलंय. तारखा पुन्हा एकदा बघा: १९७९ आणि २००५.

एवढं वाचून लगेच वकिलाकडे धावू नका. त्याच न्यायालयाचा २०१९ चा उलटा निकालही आहे. वास्तुविशारद राज रेवल यांची प्रगती मैदानातली हॉल ऑफ नेशन्स ही इमारत २०१७ मध्ये पाडली गेली, त्यावर ते न्यायालयात गेले आणि हरले. पूर्ण पाडलेली गोष्ट कुणाला दिसतच नाही, तेव्हा तिच्यामुळे निर्मात्याची बदनामी कशी होणार, आणि जमिनीच्या मालकाला आपल्या जागेत बांधकाम पाडायचा हक्क आहे, असा एकूण सूर. शिवाय कलम ५७ मध्येच एक स्पष्टीकरण आहे: कलाकृती प्रदर्शित न करणं, किंवा निर्मात्याच्या मनासारखी प्रदर्शित न करणं, हे उल्लंघन धरायचं नाही. पालिकेचा वकील पहिल्या तारखेला हेच वाक्य वाचून दाखवणार. आणि तुमच्या हक्काला आणखी एक पाचर आहे ती कलम १७ ची. मोबदला घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा पहिला कॉपीराइटमालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा ठरतो. तुम्ही सोसायटीकडून पैसे घेतले, करार केला नाही, म्हणजे कॉपीराइट सोसायटीचा. कलम ५७ चा हक्क मात्र तुमचाच राहतो.

माझं मत विचाराल तर या परिस्थितीत दावा लावू नये. पण पत्र जरूर द्यावं, तेही दोन. एक तुमचं, कलम ५७ चा उल्लेख करून. दुसरं सोसायटीचं, आणि तेच जास्त चालतं. आमच्या खासगी भिंतीला आम्हाला न विचारता, नोटीस न देता रंग लावला, आमच्या पैशानं केलेलं काम गेलं, असं सचिवांच्या सहीनं आणि शिक्क्यानं जाऊ दे. चित्रकार तक्रार करतो तेव्हा वॉर्डात 'कलाकार मंडळी आलीत' म्हणतात. मालमत्ता कर भरणारी सोसायटी तक्रार करते तेव्हा फाइल उघडते.

अमेरिकेतलं न्यूयॉर्कचं फाइव्ह पॉइंट्झ प्रकरण तुमच्या कानावर आलं असेलच, कारण असा प्रश्न विचारणारा प्रत्येक जण ते नाव घेतो. क्वीन्समधली जुनी कारखान्याची इमारत, मालकाच्याच परवानगीनं वर्षानुवर्षं रंगवलेली. तिथे टॉवर बांधायचे म्हणून मालकानं नोव्हेंबर २०१३ मध्ये एका रात्रीत सगळं पांढरं करून टाकलं. २०१८ मध्ये न्यायालयानं २१ कलाकारांच्या ४५ कामांसाठी प्रत्येकी दीड लाख, एकूण साडेसदुसष्ट लाख डॉलर दिले आणि २०२० मध्ये वरच्या न्यायालयातही ते टिकलं. लोक आकडा लक्षात ठेवतात. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. न्यायाधीशांना सर्वांत खटकली ती घाई. इमारत पाडायची परवानगी यायला अजून कित्येक महिने होते, तोवर चित्रं राहू दिली असती तर काही बिघडत नव्हतं. तिथल्या १९९० च्या कायद्यात, काढून नेता येण्याजोगी कलाकृती असेल तर मालकानं नव्वद दिवसांची लेखी नोटीस द्यावी, अशी सोय आहे. आपल्या कायद्यात अशी नोटीस नाही. पण करारात लिहायला कुणी अडवलंय? मी गेली कित्येक वर्षं प्रत्येक करारात नव्वद दिवसांचं कलम घालतो. सोसायट्या कुरकुर न करता सही करतात, कारण त्यात त्यांचं काही जात नाही.

जाता जाता, चित्रांच्या फोटोबद्दल. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं एका विमा कंपनीला मुंबईतल्या भित्तिचित्राचा वापर केलेली जाहिरात काढायला लावली होती. भिंत रस्त्यावर आहे म्हणून चित्र फुकट नसतं. पण तो तुमचा आजचा प्रश्न नाही.

आजचा प्रश्न चित्र परत आणता येईल का, हा असू शकतो, आणि त्याचं उत्तर ठेकेदारानं काय मारलं यावर आहे. पालिकेच्या कामात बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त माल असतो आणि इथे तो तुमच्या पथ्यावर पडतो. तुम्ही चांगल्या बाहेरच्या ॲक्रिलिक इमल्शननं काम केलं असेल आणि ते नीट मुरलं असेल, तर कोपऱ्यात, जिथे चित्राचा फारसा महत्त्वाचा भाग नाही तिथे, तळहाताएवढी जागा निवडा. साधं पाणी, मऊ स्पंज, गोल न फिरवता वरून खाली हलका हात. पाणी दुधाळ झालं आणि स्पंजला खडूसारखी भुकटी आली, तर वरचा रंग चुना किंवा साधा डिस्टेंपर आहे. तो जवळजवळ पूर्ण निघतो. पण घाई करा, आणि सुरुवात वरून करा, नाहीतर ओघळ खालच्या साफ केलेल्या भागावर येऊन वाळतात. पाण्यानं काहीच झालं नाही आणि नखानं खरवडल्यावर खपली निघाली, तर सिमेंट पेंट असावा. तो जुन्या ॲक्रिलिकला नीट धरत नाही, पण खरवडताना तुमचा रंगही घेऊन येतो. तिथे चित्र परत आणायचा नाद सोडा. आणि वर इमल्शनच मारलं असेल तर दोन्ही थर एकजीव झालेत. त्याला उत्तम प्रायमर समजा आणि नवीन काढा.

हात लावण्याआधी फोटो मात्र काढा, तारखेसह, भिंतीच्या दोन्ही टोकांच्या खुणा दिसतील असे. मग माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. कार्यादेश, भिंतींची यादी आणि त्या रस्त्याचं मोजमाप पुस्तक, एवढ्या तीनच गोष्टी मागा. 'चित्र का पुसलं?' असं विचारू नका. 'का' ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत आणि तेच कारण सांगून अर्ज परत करतील. यादीत तुमची भिंत 'पालिकेची भिंत' म्हणून दाखवलेली निघाली, आणि असं पुष्कळदा निघतं, तर तुमचं काम झालं. मग सहायक आयुक्तांकडे जाऊन भांडू नका. फक्त पुन्हा रंगवायची लेखी परवानगी आणि रंगाचा खर्च मागा. पहिली मिळते. दुसऱ्याचं काही सांगता येत नाही.

पुढच्या वेळी ब्रश उचलण्याआधी वॉर्डाला पत्र. सहायक आयुक्तांच्या नावे, प्रत देखभाल विभागाला, प्रत घनकचरा विभागाला, प्रत परवाना विभागाला. प्रत्येक ठिकाणी आवक शिक्का घ्या. सोबत रेखाटनाची रंगीत प्रत आणि भिंतीचं मोजमाप जोडा. मोजमाप मीटरमध्ये द्या, फुटांत नको, कारण त्यांची यादी मीटरमध्ये असते आणि ती भिंत कुठली हे कुणाला शोधत बसावं लागू नये. मुदत पाच वर्षांची मागा. कायमची मागितलीत की फाइल मुख्यालयात जाते आणि तिथेच वार्धक्य काढते. परवानगी आली की चित्राच्या उजव्या कडेला, माणसाच्या नजरेच्या उंचीवर, पत्राचा जावक क्रमांक, तारीख आणि मुदत रंगवून टाका. तुमच्या सहीपेक्षा मोठ्या अक्षरात. मुकादम सौंदर्यशास्त्र वाचत नाही, जावक क्रमांक वाचतो. त्यानं फोन करून साहेबांना विचारलं तरी आपलं काम झालं.

प्रायोजकाचं बोधचिन्ह टाकू नका. रंगाच्या कंपनीनं डबे दिले, बांधकाम व्यावसायिकानं परांची दिली, म्हणून कोपऱ्यात चिन्ह आलं की परवाना विभागासाठी ते चित्र राहत नाही, जाहिरात होते, आणि जाहिरातीला शुल्क आहे. लॉस एंजेलिसनं हाच घोळ शहरभर घातला होता. जाहिरातदार फलकांना भित्तिचित्र म्हणायला लागले, म्हणून २००२ पासून खासगी इमारतींवरची नवी भित्तिचित्रंच बंद झाली, ती थेट २०१३ मध्ये नवा नियम होईपर्यंत. आभार मानायचेत तर उद्घाटनाच्या फलकावर माना.

आणि निवडणुका. याचा विचार फार थोडे चित्रकार करतात आणि मग आचारसंहितेत रडतात. निवडणूक जाहीर झाली की सरकारी मालमत्तेवरचं राजकीय लेखन चोवीस तासांत, सार्वजनिक जागांवरचं अठ्ठेचाळीस तासांत आणि नियमबाह्य असेल तर खासगी मालमत्तेवरचंही बहात्तर तासांत काढायचं असतं. एवढ्या वेळात पथक विचार करत बसत नाही. आपल्या राज्यात तर चित्रकाराची अडचणच आहे. कमळ, पंजा, घड्याळ, मशाल, धनुष्यबाण, रेल्वे इंजिन, तुतारी, सगळं वाटून झालंय. तळ्यात कमळ काढलं, शिवरायांच्या मिरवणुकीत तुतारीवाला काढला, की त्या पंधरवड्यात कुणीतरी त्याच्यावर कागद चिकटवतो किंवा सरळ रंग मारतो. मी तळ्यात कुमुद काढतो, पाकळ्या निळ्या ठेवतो. माझ्या एका विद्यार्थ्यानं स्टेशनच्या चित्रातलं इंजिन काढून टाकलं आणि नुसते डबे ठेवले. लोकल असल्यानं ते चालूनही गेलं.

भिंतीची निवडही अर्धं काम करते. रेल्वेची भिंत, पालिकेचा पदपथ आणि वर उड्डाणपूल तिसऱ्याच संस्थेचा, अशा जागी तीन पत्रं लागतात आणि एकाचं दुसऱ्याला माहीत नसतं. २००९ च्या ऑगस्टमध्ये तुळशी पाइप रोडवर माहीम ते दादरच्या पट्ट्यात रेल्वेलगतची भिंत पालिकेच्या संमतीनं असंख्य लोकांनी रंगवली. एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे जमलं कारण पालिका पहिल्या दिवसापासून आत होती. वांद्र्याच्या चॅपल रोडवर उलट कहाणी. तिथली चित्रं घरमालकांच्या मायेवर टिकली, पालिकेनं त्यांना फारसा हात लावला नाही, पण घर पुनर्विकासाला गेलं की चित्र घराबरोबर जातं. त्याला पत्र लिहून उपाय नाही. तुमच्या सोसायटीत पुनर्विकासाची कुजबुज असेल तर आताच विचारून घ्या, आणि तसं असेल तर भिंतीऐवजी लाकडी फळ्यांवर किंवा सिमेंट बोर्डावर काम करा, उतरवता येईल असं.

वरून संरक्षक थर द्यायचा का, हे लोक हमखास विचारतात. कोरड्या, नव्या गिलाव्याच्या भिंतीला द्या. पण आपल्याकडच्या कुंपणभिंती खालून ओल ओढतात. त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर दिलात की ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि दुसऱ्या पावसाळ्यात खालचा दोन फुटांचा पट्टा फोड येऊन पोपड्यांनी सुटतो. मग ठेकेदाराला दोष द्यायलाही जागा नाही. त्यापेक्षा तो खालचा पट्टा चित्रातच धरू नका, तिथे साधा गडद रंग ठेवा. पानाच्या पिचकाऱ्या तिथेच पडतात, मुकादमाला गेरू ओढायचा असेल तर तोही तिथेच ओढू दे, आणि तेवढे मीटर त्याच्या बिलात चढू देत.